नदीकडे पाठ केलेले घर

जंगलातून वाहत येणाऱ्या नदीने एके ठिकाणी कोपर वाकवावे तसे वळण घेतले होते. त्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला एक उंच दरड होती आणि दरडीवर, जुन्या अर्जुनाच्या मुळांखाली, एक साळू आपल्या बिऱ्हाडासह राहत असे. बिऱ्हाड म्हणजे तिचा नवरा साळिंदर आणि दोन पिल्ले, थोरला आणि धाकटी. पिल्लांचे काटे अजून मऊ होते. बोट लावले तरी वाकत. तरसाच्या जबड्यापुढे त्यांचा काय पाड! त्यामुळे साळूचा जीव सदा टांगणीला लागलेला असे.

साळिंदराला मात्र कसली म्हणून काळजी नव्हती. त्याला आपल्या घराचा कोण अभिमान! घर होतेही तसे ऐसपैस. जंगलाच्या बाजूला दार, दारातून आत जाणारा लांब बोळ, मग मोठी खोली आणि सगळ्यात शेवटी, नदीच्या अंगाला, मागची खोली. आजोबांनी खोदायला घेतले, वडिलांनी वाढवले आणि साळिंदर दरवर्षी त्यात एखादा नवा कोनाडा काढत असे. गरज असो वा नसो. कोनाड्यात ठेवायला काही नसले तर तो एक हाड आणून ठेवी आणि पाहुण्यांना दाखवी.

आता तुम्ही विचाराल, इतकी सुंदर नदी शेजारी असताना घराची पाठ नदीकडे का? बाळांनो, ती साळिंदरांची रीतच आहे. वाघ आला की हरीण पळते आणि रानडुक्कर तोंड देते. साळिंदर पाठ करतो. काटे उभारतो, ते खळाखळा वाजवतो आणि उलट्या पावलांनी सरळ शत्रूच्या अंगावर चालून जातो. दोन-चार काटे नाकात घुसले की वाघसुद्धा शेपूट घालतो. तेव्हा ज्याची भीती वाटते त्याच्याकडे पाठ करायची, हा त्यांच्या कुळाचा रिवाज होऊन बसला. नदीची भीती वाटे, म्हणून घराची पाठ नदीकडे. वाघाच्या बाबतीत हे चालून जाते. पण नदीला नाक नसते, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

त्याच काठाने जरा खाली गेले की नदी उलट्या बाजूला वळत असे. तिथे काठ उतरता होता आणि वाळूची लांबच लांब पुळण पसरलेली होती. पुळणीवर एक टिटवी राही. पावसाळ्यात पाणी चढले की पुळण बुडे आणि टिटवी मागच्या झुडपांत मुक्काम हलवी. पाणी ओसरले की परत येई. साळिंदराला ते पाहून हसू आवरत नसे.

"काय गं ही जिंदगी!" तो बायकोला म्हणे. "दरवर्षी घर पाण्यात. आमच्या दरडीवर आजवर थेंब चढलेला नाही. आजोबांपासून नाही!"

हे खरेच होते. दरडीवर थेंब कधीच चढला नव्हता. म्हणून तर साळूही इतकी वर्षे गप्प होती.

त्या वर्षी पावसाळा उतरणीला लागला होता. आता संपला, असे सगळ्यांना वाटू लागले आणि नेमका तेव्हाच वरच्या डोंगरात पावसाने पुन्हा जोर धरला. नदी गढूळ झाली, फुगली, मोठमोठे ओंडके वाहून आणू लागली. एका संध्याकाळी साळू कंद उकरायला बाहेर पडली, तो अर्जुनाच्या बुंध्याशी पाणमांजर अंग झटकत बसलेले. पाणमांजराचा सगळा दिवस पाण्यात घसरगुंडी खेळण्यात जायचा आणि उरलेला वेळ लोकांची थट्टा करण्यात.

"वहिनी, घर झकास आहे हो तुमचं," ते म्हणाले.

"तुम्ही कधी पाहिलंत?"

"खालून पाहिलं. काल दुपारी तुमच्या घराखालीच झोपलो होतो."

"घराखाली?" साळू हसली. "घराखाली माती आहे, भावोजी."

"होती," पाणमांजर म्हणाले. "आता तिथं पोकळी आहे. मी आत शिरून आरामात कूस बदलली. वर अर्जुनाची मुळं लोंबत होती. आणि तुमच्या पोरांचं भांडण अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. एका कंदावरून चाललं होतं ना?"

साळूच्या अंगावरचे सगळे काटे ताठ झाले. आदल्या दुपारी पोरे मागच्या खोलीत एका कंदावरून भांडली होती. ती स्वतः तेव्हा दारात बसली होती आणि तिलाही तो आवाज अगदी पुसटच आला होता.

"पण नदी आमच्याच मागे का लागलीय?" तिने विचारले.

"ती कुणाच्या मागे लागत नाही हो. मी पाण्याबरोबर घसरत येतो ना, तेव्हा मला कळतं. वळणावर आलं की पाणी मला जोरात बाहेर फेकतं, ते नेमकं तुमच्या दरडीवर. सगळी धार इकडेच आपटते. पायथ्याची माती सुटली की पाणी ती उचलून पुढे पळतं. खाली टिटवीताईंच्या पुळणीपाशी पोचेपर्यंत ते दमतं आणि हातातलं ओझं तिथं टाकून देतं. दरवर्षीचंच आहे हे. यंदा पाण्याला जोर जास्त आहे, एवढंच." असे म्हणून पाणमांजराने मिशा पुसल्या. "दादांना सांगा. पोरं लहान आहेत म्हणून बोललो, नाहीतर मला काय!" आणि ते दिसेनासे झाले.

साळूने घरी जाऊन सांगितले. साळिंदर ऐकता ऐकताच फुगला.

"अगं, तू इतकी भोळी कशी? पाणमांजराची जात काठावरच्या बिळांवर टपलेली असते. आपण घाबरून निघालो की हा सहकुटुंब आत! वा रे वा! घर खोदायचं आम्ही आणि राहायचं यांनी!"

"अहो, पण पोरांचं भांडण त्याला कसं ऐकू आलं?"

"कान तीक्ष्ण असतील."

"एकदा खाली वाकून बघून तरी या."

"मी?" साळिंदर म्हणाला. "नदीकडे तोंड करून? आपल्या घराण्यात असलं कुणी केलेलं नाही."

मग साळू स्वतःच गेली. पहाट फुटत होती. अर्जुनाला वळसा घालून ती कडेशी पोचली. जन्मात ती या बाजूला आली नव्हती. दर पावलाला अंग आपोआप मागे वळू पाहत होते. शेवटी ती पोटावर झोपली, सरपटत पुढे झाली आणि तिने मान खाली घातली.

वर कोवळे गवत होते आणि गवताखाली काहीच नव्हते. दरड वरून सरळ दिसायची, पण खालून ती आत गेली होती. पायथ्याशी पाणी भोवरे घेत त्या पोकळीत शिरत होते आणि बाहेर पडताना लाल होऊन पडत होते. साळू पाहत असतानाच मातीचे एक ढेकूळ सुटले. ते पाण्यात पडले आणि क्षणभरही दिसले नाही. साळू उलट्या पावलांनी मागे आली ती थेट अर्जुनाच्या पलीकडे. आणि तिथे तिला आणखी एक गोष्ट दिसली. झाड आणि जंगल यांच्या मधून जमिनीत एक चीर गेली होती. नखाएवढीच रुंद, पण लांबच लांब. तिचे जवळजवळ सगळे घर, तिची पोरे आणि अर्जुन चिरेच्या एका बाजूला होते आणि सगळे जंगल दुसऱ्या बाजूला.

तिने नवऱ्याला बाहेर ओढून आणले. साळिंदराने चीर पाहिली. इकडून पाहिली, तिकडून पाहिली. मग मागच्या पायांनी भराभरा माती उडवून ती बुजवली, वर पालापाचोळा पसरला आणि अंग झटकले.

"झालं," तो म्हणाला. "आता कुठं आहे चीर?"

साळूला रडूच आले. "अहो, मी पोरांना घेऊन आत्ताच्या आत्ता निघते."

"आणि जाशील कुठे? पुरामुळे तरस या बाजूला आलाय. काल रात्री आपल्या वाटेवर त्याचा वास होता, तूच म्हणालीस. पोरांचे काटे बघ केवढेसे! उघड्यावर नेऊन तरसाच्या तोंडी देणार आहेस?"

तरसाचा वास खरा होता आणि पोरांचे काटे मऊ होते हेही खरे होते. बाहेर जबडा आणि खाली पाणी, अशा कात्रीत ती सापडली. पाणी दिसत होते तरी दूर वाटत होते, आणि तरस दिसत नव्हता तरी अगदी जवळ वाटत होता. तिने मनाशी ठरवले, पाऊस जरा उघडला की निघायचे. तुमच्या-माझ्यासारखीच तीही चुकली.

पाऊस उघडला नाही. उलट वाढला. साळिंदराने दगड, माती, काटक्या घालून घराचे दार आतून बुजवून टाकले. ते काम त्याने फार मन लावून केले. दगडाला दगड असा बसवला की मुंगीलाही वाट मिळू नये. "आता ना तरस येईल, ना पाणी," तो म्हणाला. घरात काळोख झाला. त्या काळोखात खालून मधूनमधून धप्प, धप्प असा आवाज येऊ लागला. प्रत्येक आवाजाबरोबर धाकटी आईच्या पोटाशी सरके.

"आई, खाली कोण आहे?"

"कुणी नाही गं," साळू म्हणे, आणि नवऱ्याकडे बघे. साळिंदर दुसरीकडे बघे.

असा बराच वेळ गेल्यावर साळिंदराने एकदम जाहीर केले, "आज पोरांचं उष्टावण करू या!"

साळिंदरांचे दात जन्मभर वाढत असतात, त्यामुळे त्यांना सतत काहीतरी कुरतडावे लागते. या घरात कुरतडायला अर्जुनाची मुळे होती. मागच्या खोलीच्या छतातून आणि भिंतींतून ती आत आलेली होती. पोराचे दात चावण्याजोगे झाले की त्याला मागच्या खोलीत नेऊन सगळ्यात जाड मुळाचा पहिला घास द्यायचा, हे या घरचे उष्टावण. आजोबांनी वडिलांचे केले, वडिलांनी साळिंदराचे. आधी बापाने चावून साल काढायची, मग पोराने दात लावायचा. बारीक मुळे तर येता-जाता संपून गेली होती. आता ते एक जाड मूळ काय ते उरले होते.

"अहो, आज नको," साळू म्हणाली. "पोरं भेदरलीत."

"म्हणूनच आज! घरात चांगलं कार्य झालं की मनातली कुशंका जाते."

पोरांना तर काय, खायला मिळणार एवढेच समजले. ती बापामागून मागच्या खोलीत पळाली. साळूही पाठोपाठ गेली आणि तिचे पाऊल ओलीत पडले. मागच्या खोलीची जमीन कधी ओली नसे. तिने भिंतीला नाक लावले. भिंत गार होती आणि तिच्यातून नदीचा वास येत होता. मग तिचा पंजा त्या जाड मुळाला लागला. एरवी ते सैल असायचे, पोरे त्यावर झोके घ्यायची. आज ते ताठ होते. ओझ्याने ताणलेल्या दोरासारखे ताठ, आणि त्यातून अगदी बारीक थरथर येत होती.

"अहो, थांबा!" ती ओरडली. "चावू नका! हे मूळ काहीतरी धरून आहे!"

पण साळिंदराचे दात मुळात रुतले होते.

कडाड्! असा आवाज झाला की पोरांनी कान झाकले. मूळ तुटले, सपकन भिंतीत ओढले गेले, आणि त्यामागोमाग अख्खी भिंतच बाहेर गेली. मागच्या खोलीत उजेड आला. इतका उजेड त्या घरात कधी आला नव्हता. जिथे भिंत होती तिथे पावसाचे करडे आभाळ होते आणि खाली, फार खाली, लाल पाणी उसळत होते.

अशा वेळी साळिंदराने काय करावे? त्याने रिवाज पाळला. गर्रकन वळून नदीकडे पाठ केली, सगळे काटे उभारले, खळाखळा वाजवले आणि उलट्या पावलांनी नदीवर चाल करून निघाला. एक पाऊल मागे. दुसरे पाऊल मागे. त्याच्या मागे आता जमीन फारशी उरलेलीच नव्हती. काटे वाजत होते, डोळे रागाने लाल झाले होते आणि तोंडाने तो गुरगुरत होता, "ये! ये म्हणतो ना!"

साळूने झेप घेतली आणि त्याचा पुढचा पाय दातांत धरला. जोरात धरला, रक्त येईपर्यंत.

"ती वाघ नाही!" तिने दात न सोडताच किंकाळी फोडली. "ती काट्यांना भिणार नाही! पुढे या, आधी पुढे या!"

त्या वेदनेने साळिंदर भानावर आला. त्याने मान वळवून मागे पाहिले. आपले मागचे पाय कुठे आहेत ते त्याला दिसले, आणि तो एका उडीत खोलीच्या आतल्या बाजूला आला. तो जिथे उभा होता ती जमीन त्याच्या पाठोपाठ गेली.

"पळा! दाराकडे!"

चौघेही बोळाकडे धावले. पण दार कुठे होते? दार तर साळिंदराने स्वतः बुजवले होते, तेही इतके मन लावून! तो पुढे झाला आणि दगड उपसू लागला. नखे तुटली, तोंडात माती गेली, दगड काही हलेना. मागून घर खोलीखोलीने कोसळत होते. मागची खोली गेली. कोनाडे गेले. मोठी खोली मध्ये दुभंगली.

आणि मग बोळच फाटला. साळिंदराने बाहेर जी चीर पाचोळ्याने झाकली होती, ती आत याच बोळातून गेलेली होती. ती आता उघडली. एका बाजूला साळिंदर आणि ते बुजलेले दार, दुसऱ्या बाजूला साळू आणि पोरे. मध्ये खोल फट, वरून तीत पाऊस पडत होता, आणि पोरांच्या बाजूची जमीन हळूहळू खाली सरकत होती.

"उडी मार," साळूने थोरल्याला म्हटले. त्याने डोळे मिटले आणि मारली. पलीकडे पडला. धाकटी मात्र हलेना.

"मला नाही येणार, आई."

"येईल. बाबांकडे बघ. खाली बघू नकोस. बाबांकडे बघ!"

साळिंदराने दगड सोडले आणि तो फटीच्या कडेशी आला. नदीकडे तोंड करून. खाली पाणी दिसत होते, त्याचे काटे आपसूक उभे राहत होते, अंग मागे वळू म्हणत होते. तो वळला नाही. त्याने मान पुढे केली आणि तोंड उघडले. साळूने धाकटीला नाकाने ढकलले. धाकटीने उडी मारली, पण ती तोकडी पडली. तिचे पुढचे पाय कडेवर घासले आणि ती खाली निघाली. तेवढ्यात साळिंदराच्या दातांनी तिचे मानगूट पकडले. सगळे आयुष्य मुळे कुरतडण्यात गेलेले ते दात त्या दिवशी पहिल्यांदा कशाला तरी धरून राहिले. त्याने तिला वर ओढले, आणि साळूने खाली खाली जाणाऱ्या जमिनीवरून शेवटची उडी घेतली.

मग चौघांनी मिळून दार उकरले. शेवटचा दगड निखळला तेव्हा ते एकमेकांच्या अंगावर पडत बाहेर आले. तरसाचा पत्ताच नव्हता. पायाखालची जमीन हलताच तो शहाणा केव्हाच पसार झाला होता.

त्यांच्या डोळ्यांदेखत अर्जुन कलला. आधी जरासा, वाऱ्याने कलावा तसा. मग दरडीचा तो सगळा तुकडा, गवतासकट, झाडासकट, आजोबांच्या घरासकट, खाली बसला. पाणी उंच उडाले. अर्जुनाच्या फांद्या एकदा गोल फिरल्या आणि ओघाबरोबर निघून गेल्या. साळूने पोरांना पोटाशी घट्ट धरले. ती रडत होती, आणि पोरे जिवंत आहेत हे पुन्हापुन्हा हुंगून पाहत होती.

पूर ओसरायला बरेच दिवस लागले. ऊन पडल्यावर ती चौघे काठाने खाली आली, तो पुळणीवर टिटवी ऐटीत फिरताना दिसली. पुळण यंदा केवढी तरी वाढली होती. वाळूवर लाल मातीचा जाड थर बसला होता आणि त्यात हिरवे अंकुरही फुटू लागले होते. साळिंदराने ती माती हुंगली. त्याने जन्मभर उकरलेली माती तो ओळखणार नाही तर कोण?

"ही आमची माती आहे!" तो गरजला. "आमचं तीन पिढ्यांचं घर तुझ्या अंगणात पसरलंय! परत दे!"

"घेऊन जा की, भावोजी," टिटवी म्हणाली. "पण कशात नेणार? अन् मी थोडीच मागितली होती! नदीनं टाकली. तुमच्याआधी कुणाची तरी तुम्हाला दिली असेल, आता तुमची मला दिली. उद्या तिचं वळण सरकलं की माझीही नेईल."

"मग तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना! म्हणून तर रोज सकाळी उठून आधी पाणी कुठवर आलंय ते बघते."

परतताना नदीच्या काठी साळिंदराला एक नवी उंच जागा दिसली. दरड कोसळल्यावर मागे उरलेली कड ती. ताजी, सरळ, वर दाट गवत आणि एक डौलदार जांभळीचे झाड. साळिंदराचे डोळे चमकले.

"अगं, इथं! केवढी उंच जागा आहे! इथं पाणी जन्मात चढणार नाही. आणि जांभळीची मुळंसुद्धा गोड असतात म्हणे."

साळू थांबली. आजवर तिचे नवऱ्यापुढे कधी चालले नव्हते. तरी आज तिने आवाज चढवला नाही.

"आधी कडेशी जा," ती म्हणाली. "खाली तोंड करून बघा. मग तुम्ही म्हणाल तिथं राहू."

साळिंदर थोडा वेळ घुटमळला. मग गेला. पोटावर झोपला, सरपटत पुढे झाला आणि मान खाली घातली. तो बराच वेळ तसाच होता. पोरे कंटाळून चुळबूळ करू लागली. परत आला तेव्हा त्याचे काटे अंगाला चिकटून बसले होते.

"काय दिसलं?" साळूने विचारले.

"पाणी आत शिरतंय," तो हळूच म्हणाला. "वर गवत आहे ना, त्यामुळे इथून काही कळत नाही."

मग ती चौघे नदीकडून निघाली ती नदीचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत चालत राहिली. जंगलाच्या आत एका खडकाळ चढावर साळू थांबली आणि तिने जमिनीवर पंजा आपटून पाहिला. साळिंदर खोदू लागला. दोन ढेकळे निघेपर्यंत त्याला घाम फुटला.

"माती फार टणक आहे गं इथली," तो कुरकुरला. "एक खोली होता होता वर्ष जाईल."

"म्हणूनच इथं," साळू म्हणाली, आणि तीही त्याच्या शेजारी खोदायला लागली.

तात्पर्य : जागा उंच आहे म्हणून ती भक्कम असतेच असे नाही. संकटाकडे पाठ केल्याने ते थांबत नाही. आपल्या पायाखाली रोज काय झिजते आहे, ते तोंड वळवून वेळीच पाहावे.